क्लबाची किल्ली हाती घेण्याआधी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त गेली काही वर्षे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका लहान गावाजवळ सहकुटुंब राहतो. एच-वन-बी व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यामुळे मी धनुष्यबाणाने हरणांची शिकार शिकलो आणि त्याच्याच ओळखीने इथल्या शिकार व संवर्धन क्लबाचा सभासद झालो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या शेतकऱ्यांनी हा क्लब स्थापन केला. क्लबाच्या मालकीची थोडी जंगलजमीन, एक तळे, नेमबाजीचे मैदान आणि एक जुनी इमारत आहे. सभासद दीडशेच्या आसपास आहेत, पण काम करणारे पाच-सहाच, आणि तेही बहुतेक सत्तरीच्या पुढचे. शुक्रवारचे फिश फ्रायचे (तळलेल्या माशांचे) जेवण, रॅफल म्हणजे बक्षिसांची सोडत, मुलांसाठी हंटर सेफ्टीचा (सुरक्षित शिकारीचा) वर्ग, वुड डक बदकांच्या घरट्यांसाठीच्या पेट्या, गळणारे छप्पर, सगळे तेच पाहतात. मी दोन वर्षे सचिव आहे. वीस वर्षे अध्यक्ष असलेले गृहस्थ आता थकले आहेत आणि येत्या जानेवारीच्या वार्षिक सभेत मी अध्यक्ष व्हावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी नाही म्हटले तर क्लब बंद करून जमीन विकावी लागेल, असेही त्यांनी सांगितले.

मला दोन लहान मुले आहेत. पत्नीचा विरोध नाही, पण माझा जवळजवळ प्रत्येक शनिवार क्लबात जातो ही तिची तक्रार खरी आहे. एका ज्येष्ठ सभासदाने 'हा इथला माणूस नाही' असे कोणाजवळ तरी म्हटल्याचे कानावर आले. आणि सांगलीला आईला हे कळल्यापासून ती फोनवर धड बोलत नाही. आमच्या घरात अंडेही शिजत नाही, आणि मुलगा शिकाऱ्यांचा अध्यक्ष होणार हे तिला सहन होत नाही. मी काय करावे?

एक वाचक, विस्कॉन्सिन

सल्ला

माझे मत सुरुवातीलाच सांगते. तुम्ही अध्यक्ष व्हावे, परंतु आज ज्या स्वरूपात ते पद तुमच्यापुढे ठेवले जात आहे, त्या स्वरूपात ते स्वीकारू नये. वीस वर्षे एका माणसाने वाहिलेला भार जसाच्या तसा दुसऱ्या, वयाने तरुण माणसाच्या खांद्यावर ठेवला, तर क्लबाला आणखी काही वर्षे मिळतील एवढेच. दीडशे सभासदांपैकी पाच-सहा जणांनीच राबायचे, ही सवय त्याने मोडणार नाही. तुमच्या क्लबाचे खरे दुखणे ती सवय आहे. अध्यक्ष मिळत नाही हा तिचा परिणाम आहे.

मात्र या साऱ्याआधी एका गोष्टीचा निकाल लावायला हवा. तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही आणि मला ती सर्वांत तातडीची वाटते. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यानुसार एच-वन-बी, एल-वन किंवा एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी तुमच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तुम्ही आजवर धनुष्यबाण वापरत आलात आणि धनुष्य या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे हा प्रश्न कदाचित तुमच्यासमोर कधी आलाच नसेल. अध्यक्ष झाल्यावर तो येईल, कारण मुलांच्या वर्गासाठी लागणाऱ्या बंदुका, नेमबाजीच्या मैदानावरची काडतुसे आणि रॅफलच्या बक्षिसाची बंदूक ज्या कपाटात असते, त्या कपाटाची किल्ली परंपरेने अध्यक्षाकडे असते. ताबा म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. एखादी वस्तू जिथे ठेवली आहे तिथली किल्ली आणि तिच्यावरचे नियंत्रण तुमच्याकडे असेल, तर कायदा तोही ताबा मानू शकतो. विस्कॉन्सिनच्या बहुतेक वार्षिक परवान्यांची मुदत 31 मार्चला संपते. नवा परवाना घेण्याचे राहून गेले आणि एप्रिलमध्ये ती किल्ली तुमच्या खिशात असली, तर ज्याला तुम्ही विसरभोळेपणा म्हणाल त्याला कायदा गंभीर गुन्हा म्हणू शकतो, आणि त्याची झळ थेट तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला लागू शकते.

म्हणून इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाचे लेखी मत आधी घ्या. ते मत अनुकूल आले तरीही माझा आग्रह असा राहील की, बंदुका आणि काडतुसे यांची जबाबदारी अमेरिकन नागरिक असलेल्या दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे द्यावी आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. रॅफलची बंदूक क्लबाच्या इमारतीत किंवा कोणाच्या घरी न ठेवता परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातच ठेवावी; ज्याला बक्षीस लागेल त्याने तिथे जाऊन, पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण करून ती घ्यावी. ही पद्धत सर्वच क्लबांसाठी शहाणपणाची आहे, तुमच्यासाठी ती आवश्यक आहे. अध्यक्षपदासाठी मानधन किंवा खर्चापोटी ठोक रक्कम देऊ केली तर तीही घेऊ नका, कारण तुमच्या व्हिसावर मोबदल्याचे काम केवळ नोकरी देणाऱ्या कंपनीसाठीच करता येते.

आता 'तुम्ही नाही म्हणालात तर जमीन विकावी लागेल' या वाक्याकडे वळते. ते म्हणणाऱ्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नसावे. वीस वर्षे एखादी गोष्ट सांभाळलेल्या माणसाला आपल्यानंतर सारे संपेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वाक्याने एका संस्थेचे भवितव्य तुमच्या एकट्याच्या होकारावर टांगले आहे आणि ते ओझे तुम्ही घेऊ नये. जमिनीचे काय होईल हे क्लबाच्या नियमावलीत आणि करविषयक दर्जात लिहिलेले असते. सचिव म्हणून ती कागदपत्रे तुमच्याच ताब्यात असतील, ती काढून वाचा. अमेरिकेतले असे क्लब बहुधा दोन प्रकारांत मोडतात. करकायद्याच्या 501(सी)(3) या कलमाखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेची मालमत्ता विसर्जनानंतर दुसऱ्या तशाच लोकोपयोगी कामाला द्यावी लागते, तर 501(सी)(7) खाली नोंदलेल्या, सभासदांच्या करमणुकीसाठी असलेल्या क्लबाची मालमत्ता विसर्जनानंतर सभासदांमध्ये वाटली जाऊ शकते. तुमचा क्लब दुसऱ्या प्रकारचा असेल, तर क्लब बंद पडण्यात कोणाचा तरी आर्थिक लाभ आहे, ही गोष्ट सर्वांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवी. जमीन वाचवणे हेच सर्वांना मनापासून हवे असेल, तर एखाद्या भूसंवर्धन न्यासाशी कायमचा संवर्धन करार करता येतो. त्यात मालकी क्लबाकडेच राहते आणि करारात घातलेल्या मर्यादा, उदाहरणार्थ प्लॉट पाडून घरे न बांधण्याची अट, पुढच्या प्रत्येक मालकाला बांधून ठेवतात. अध्यक्ष कोणीही असो, हा विषय जानेवारीच्या सभेपुढे ठेवण्याजोगा आहे.

कामाच्या वाटणीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण स्वयंसेवी संस्था बहुतेक इथेच अडतात. आधी मावळत्या अध्यक्षांबरोबर एक संध्याकाळ बसा आणि त्यांना वर्षभरात जे जे करावे लागते ते महिन्यांच्या क्रमाने सांगायला सांगा. तुम्ही फक्त लिहून घ्या. त्यांच्या डोक्यात असलेल्या अनेक गोष्टी आजवर कागदावर आलेल्याच नसतील: वीजबिल कोणाच्या खात्यातून जाते, विम्याचे नूतनीकरण कधी असते, रॅफलचा राज्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे, तळ्याच्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याशी तोंडी काय ठरले आहे. ही यादी पूर्ण झाली की तुम्हाला दिसेल की अध्यक्षपद म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते ती प्रत्यक्षात पंधरा-वीस वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य कामे करायला अध्यक्ष असण्याची गरज नाही.

त्यानंतर माणसे शोधायची, आणि ती सभेत शोधायची नाहीत. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात ज्याने काम केले आहे त्याला ठाऊक असते की 'कोण कोण मदतीला येणार?' असे मांडवात मोठ्याने विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि त्याच मंडळातल्या एखाद्याच्या घरी जाऊन 'विसर्जनाच्या दिवशी चार ते सहा पाण्याची व्यवस्था तू बघ' असे सांगितले की तो माणूस साडेतीनलाच हजर असतो. काम लहान असावे, त्याला आरंभ आणि शेवट असावा आणि ते त्या विशिष्ट माणसाला त्याच्यातला गुण ओळखून सांगितलेले असावे. 'पेट्यांची समिती सांभाळा' म्हणू नका. 'मार्चमधल्या पहिल्या शनिवारी सकाळी दोन तास, तळ्याच्या उत्तरेकडच्या पेट्या' असे म्हणा. नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा, बंदुकीने हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम तुमच्या हाताशी आहे. वर्षभर तोंड न दाखवणारे सभासद त्या दिवसांत गावात असतात, संध्याकाळी क्लबात डोकावतात आणि मोकळेपणी बोलतात. त्या नऊ दिवसांत आठ-दहा जणांशी एकेकट्याने बोलणे तुम्हाला सहज जमेल, आणि जानेवारीत तुम्ही सभेला जाल तेव्हा कामांच्या पुढे नावे लिहिलेली असतील.

ज्या कामाला नाव मिळणार नाही, ते काम बंद करण्याचे धैर्यही तुमच्यात असायला हवे. शुक्रवारचे फिश फ्रायचे जेवण विस्कॉन्सिनच्या गावांत जवळजवळ कुलाचार आहे, हे मला माहीत आहे, पण दर आठवड्याला ते करणारे हात नसतील तर महिन्यातून एकदा करा. शिवाय तुमचा क्लब 501(सी)(7) प्रकारचा असेल, तर बाहेरच्या लोकांना जेवण, इमारत किंवा मैदान वापरू देऊन मिळालेले उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या साधारण 15 टक्क्यांच्या आत राहावे, असा दंडक आहे. गावाला जेवू घालणाऱ्या अनेक क्लबांच्या तो ध्यानात नसतो; तुमच्या खजिनदारांना हा आकडा काढायला सांगा.

एक काम मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नका, ते म्हणजे मुलांचा हंटर सेफ्टीचा वर्ग. विस्कॉन्सिनमध्ये हे शिक्षण 1967 मध्ये सुरू झाले आणि 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला सामान्यतः ते पूर्ण केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. जीव वाचवणारे काम म्हणून त्याचे मोल आहेच, पण त्यामागे पैशाचेही एक गणित आहे, जे शिकवणाऱ्यांनाच बहुधा कोणी सांगितलेले नसते. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर उत्पादकाकडून 11 टक्के कर घेतला जातो आणि तो पैसा वन्यजीवांच्या पुनर्स्थापनेसाठी व शिकार-शिक्षणासाठी राज्यांना दिला जातो. मात्र राज्याने आपला वाटा घालावा लागतो: मंजूर कामाच्या खर्चात 75 टक्क्यांपर्यंत फेडरल निधी आणि उरलेले राज्याचे. राज्याचा हा वाटा रोख पैशातच असावा असे नाही. स्वयंसेवक शिक्षकांनी दिलेल्या आणि नीट नोंदवलेल्या तासांचे मूल्यही त्यात धरता येते. म्हणजे तुमच्या क्लबात शनिवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बंदुकीचे तोंड कुठे असावे हे शिकवणारे ते दोन-तीन वृद्ध गृहस्थ आपल्या तासांनी राज्यासाठी तिप्पट निधी ओढून आणू शकतात. हे त्यांना सभेत, सर्वांसमोर, आभार मानून सांगा. नव्या शिक्षकांसाठी माणसे मिळवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही.

पैशाच्या व्यवहाराबाबत थोडक्यात. खजिनदार आणि अध्यक्ष एकच व्यक्ती किंवा एकाच घरातल्या दोन व्यक्ती नसाव्यात, ठरावीक रकमेवरच्या धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि बँकेचे मासिक विवरण सही न करणाऱ्या तिसऱ्या माणसाने वाचावे. वार्षिक उत्पन्न साधारणपणे 50,000 डॉलरपर्यंत असणाऱ्या करमुक्त संस्थेला 990-एन नावाचे छोटेसे विवरण दरवर्षी ऑनलाइन भरावे लागते. ते भरायला अर्धा तास पुरतो, पण सलग तीन वर्षे राहून गेले तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो, आणि पदाधिकारी बदलताना नेमके हेच राहून जाते. 1997 चा स्वयंसेवक संरक्षण कायदा प्रामाणिक चुकीसाठी स्वयंसेवकाला बऱ्याच अंशी संरक्षण देतो. मात्र ते संरक्षण संस्थेला नाही, घोर निष्काळजीपणाला नाही, आणि केवळ सभासदांच्या करमणुकीसाठी चालणाऱ्या क्लबाला ते लागू होईलच असे गृहीत धरू नये. नेमबाजीचे मैदान असलेल्या क्लबाच्या अध्यक्षाने विम्याचे करारपत्र स्वतः वाचल्याशिवाय पद स्वीकारू नये.

तुमच्या क्लबाच्या नावात शिकारीबरोबर संवर्धनही आहे. अध्यक्ष म्हणून तुम्ही दुसऱ्या शब्दाची बाजू बळकट करावी असे मला मनापासून वाटते. वुड डकच्या पेट्या लावून झाल्या की संवर्धन झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ज्या पेटीच्या खांबाला रॅकून या अंडी खाणाऱ्या प्राण्याला वर चढू न देणारा पत्र्याचा आडोसा नाही आणि जिच्यातला जुना भुसा मादी परत येण्याआधी, हिवाळ्याच्या अखेरीस बदललेला नाही, ती पेटी पिल्लांसाठी सापळा ठरू शकते. किती पेट्या लावल्या, याऐवजी किती पेट्यांत अंडी उबली याची वही ठेवा.

दुसरे काम त्याहून मोठे आहे. हरणांच्या मेंदूची झीज करणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा जीवघेणा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये प्रथम आढळला आणि तेव्हापासून तो पसरत गेला आहे. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो, त्यावर उपचार नाही आणि ती प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित भागातल्या हरणाची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास ते मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तपासणीसाठी हरणाचे डोके शिकाऱ्याने स्वतः आणून ठेवण्याची केंद्रे आणि उरलेले अवशेष टाकण्याचे मोठे कचराडबे यांची जबाबदारी स्थानिक गटांनी दत्तक घ्यावी, अशी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची योजना आहे. तुमच्या क्लबाची इमारत रस्त्यालगत असेल, तर याहून उपयुक्त काम शोधूनही सापडणार नाही, आणि ते वर्षातून काही आठवड्यांचेच असल्याने वाटूनही देता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे विस्कॉन्सिन कॉन्झर्व्हेशन काँग्रेस. 1934 पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत राज्यातल्या 72 काउंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून, प्रत्येकी पाच प्रतिनिधी निवडले जातात, आणि दर वसंतात होणाऱ्या सुनावणीत सामान्य माणूस शिकारीच्या, मासेमारीच्या व वन्यजीवांच्या नियमांवर आपले मत नोंदवतो. ही मते सल्ल्याच्या स्वरूपाची असतात, पण विभागापर्यंत पोहोचतात. तुमच्या क्लबातून एप्रिलमध्ये चार गाड्या भरून माणसे तिथे गेली, तर तरुण सभासदांना कळेल की क्लब म्हणजे स्वस्तात मिळणारे नेमबाजीचे मैदान नव्हे.

'हा इथला माणूस नाही' या शब्दांचा तुम्हाला त्रास झाला असणार, आणि तो होऊ नये असे मी म्हणणार नाही. मात्र ऐकीव वाक्याचा जाब विचारायला जाऊ नका. त्या गृहस्थांना कामाच्या यादीतले त्यांच्या योग्यतेचे एखादे काम स्वतः जाऊन सांगा, जसे इतरांना सांगाल तसेच. तेच वाक्य उद्या सभेत उघडपणे उच्चारले गेले, तर त्याला उत्तर तुम्ही देऊ नये. ते तुमच्या नावाची सूचना मांडणाऱ्या मावळत्या अध्यक्षांनी, सर्वांदेखत आणि नि:संदिग्ध शब्दांत द्यायला हवे. ते तसे करतील का, हे त्यांना आजच विचारा. त्यांनी कुरकुर केली, तर ते तुम्हाला पद देत आहेत पण पाठबळ देत नाहीत, असे समजा.

आईंविषयी लिहिताना मी जपून लिहिते. त्यांना पटवून देण्याचा प्रयत्न करू नका. शिकारीत प्राण्याचा जीव जातो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि 'मी फक्त कारभार पाहतो' असे सांगून ते झाकणे योग्य होणार नाही, कारण तुम्ही स्वतः धनुष्य घेऊन मचाणावर बसता. पण तुम्ही ज्या भूमीत राहता तिथला इतिहास त्यांना माहीत नाही, आणि तो सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. फोनऐवजी पत्र लिहा. विस्कॉन्सिनमध्ये 1871 साली पॅसेंजर पिजन जातीच्या कबुतरांची प्रचंड वसाहत भरली होती. रेल्वे आणि तारायंत्राच्या साहाय्याने धंदेवाईक शिकारी तिथे लोटले, आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, हे त्यांना लिहा. त्या बेबंद शिकारीला आवर घालण्यासाठी हंगाम, मर्यादा आणि परवाने यांची मागणी करणाऱ्यांत अनेक जण स्वतः शिकारी होते, हेही लिहा. या राज्यातून नाहीसा झालेला रानटी टर्की हा पक्षी 1976 मध्ये मिसुरी राज्यातून आणून व्हर्नन काउंटीत पुन्हा सोडला गेला आणि आज तो राज्यभर दिसतो, हे तुमच्या मुलांनी खिडकीतून पाहिलेले असेल. ते त्यांनाच आजीला सांगू द्या.

आपल्याकडे वेगळा मार्ग निवडला गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून करायची शिकार भारतात बंद झाली, आणि तिथली लोकसंख्या, तिथली जंगले व तिथली परिस्थिती पाहता ते योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. तरीही दोन वाटांचा उगम फार दूर नाही. कोल्हापूर संस्थानाची शिकारीची राखीव जंगले होती म्हणून दाजीपूर-राधानगरीचे रान टिकले आणि 1958 मध्ये तिथे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य झाले. 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी बरेच होते, आणि सालिम अलींची पक्ष्यांची ओढ लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. सांगलीहून राधानगरी लांब नाही. आईंनी ते रान कदाचित पाहिलेही असेल. हे सारे वाचूनही त्यांचा नकार कायम राहिला, तर तो आदराने मान्य करा, त्या तुमच्याकडे राहायला येतील तेव्हा हरणाचे मांस घरात आणू नका, आणि दर आठवड्याचा फोन चालू ठेवा.

आईंच्या रागाविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे, पत्नीच्या तक्रारीविषयी एकच वाक्य. माझ्या दृष्टीने वजन उलट असायला हवे, कारण तुमच्या होकाराची किंमत रोज त्या मोजणार आहेत. अध्यक्ष म्हणून महिन्यातले किती शनिवार क्लबाला देणार, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा आणि तोच आकडा कार्यकारिणीला लेखी कळवा. त्याच पत्रात तुमच्या बाकीच्या अटी लिहा: दोन वर्षांची मुदत आणि त्यापुढे एकदाच फेरनिवड, पहिल्याच सभेत उपाध्यक्षाची निवड आणि तोच पुढचा अध्यक्ष होईल असा संकेत, बंदुकांच्या कपाटाची वेगळी जबाबदारी, आणि कामांच्या यादीपुढे निदान दहा सभासदांची नावे. हे पत्र नोव्हेंबरचा हंगाम संपल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, म्हणजे जानेवारीपर्यंत विचार करायला त्यांना वेळ मिळेल. मावळत्या अध्यक्षांना मात्र ते पत्र कार्यकारिणीपुढे जाण्याआधी स्वतः नेऊन दाखवा आणि त्यांच्यासाठी एक निश्चित काम सुचवा. जमिनीच्या संवर्धन कराराची बोलणी त्यांच्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही. अटी मान्य झाल्या नाहीत, तर सचिवपदी राहा आणि जमिनीचा ठराव तरी जानेवारीच्या विषयपत्रिकेवर येईल असे पाहा.